चिवट कोरल: चौदा महिन्यांनंतर काय टिकलं, काय पसरलं

माझ्या १२० लिटरच्या रीफ टाकीत, म्हणजे कोरल (प्रवाळ) वाढवायच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत, पहिलं कोरल ठेवलं त्याला आता चौदा महिने झाले. एवढ्या काळात सात प्रकार घेतले. पाच छान आहेत, एक मेलं, आणि एक मला काढून टाकायचंय पण ते निघत नाही. नवीन माणसाला सगळे सांगतात, 'चिवट कोरल घ्या.' सल्ला बरोबरच आहे, पण या शब्दाचे दोन अर्थ आहेत. चिवट म्हणजे आपल्या चुका सोसणारं, आणि चिवट म्हणजे एकदा चिकटलं की न सुटणारं. दुसरा अर्थ मला सहाव्या महिन्यात कळला.

टाकी कोरड्या खडकावर सुरू केली होती. अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर यायला पाच आठवडे लागले. मग काच-वाळू सगळीकडे तपकिरी डायटम (एक सूक्ष्म शैवाल) आले आणि आपोआप गेलेही. नवव्या आठवड्यात पहिलं कोरल घेतलं, डिस्कोसोमा मश्रूम. आज पुन्हा सुरुवात करायची झाली तरी तेच घेईन. त्याला उजेड कमी लागतो, प्रवाह कमी लागतो आणि दगडी सांगाडा बांधायचा नसल्यामुळे कॅल्शियमची काळजी नाही. अडचण एकच, ते बुळबुळीत असल्यामुळे गोंदाने चिकटत नाही. छोट्या वाटीत खडकाचे चार तुकडे घालून त्यावर मश्रूम ठेवायचं, वर जाळी लावायची आणि प्रवाह नसलेल्या कोपऱ्यात ठेवून द्यायचं. आठ-दहा दिवसांत ते एखाद्या तुकड्याला धरतं, मग तो तुकडा गोंदाने खडकावर बसवता येतो. मी घेतलं तेव्हा दोन होती, आज अकरा आहेत.

मश्रूमनेच माझी पहिली मोठी चूक दाखवली. तिसऱ्या महिन्यात त्याच्या कडा आत वळायला लागल्या आणि शेजारच्या टोडस्टूल या मऊ कोरलचे पॉलिप (फुलासारखे छोटे जीव) बाहेर येईनात. सगळ्या चाचण्या केल्या, काहीच सापडेना. शेवटी खारटपणा मोजायच्या रिफ्रॅक्टोमीटरवर संशय आला. मी तो आरओच्या (फिल्टरमधून काढलेल्या गोड्या) पाण्यावर शून्याला लावत होते. ३५ पीपीटीचं (हजार भागांत ३५ भाग मीठ) तयार द्रावण आणून तपासलं तर तो ३१ दाखवत होता, म्हणजे मी ३५ समजत होते ते पाणी प्रत्यक्षात ३९ होतं. ते आठ दिवसांत हळूहळू खाली आणलं, रोज थोडं खारं पाणी काढून तेवढंच गोडं घालत. एकही कोरल दगावलं नाही. नाजूक जातीचं असतं तर मला कारण शोधायला वेळच मिळाला नसता. चुका सोसणं म्हणतात ते हेच. तेव्हापासून महिन्यातून एकदा त्या द्रावणावर तपासणी केल्याशिवाय मी कुठल्याही आकड्यावर विश्वास ठेवत नाही. आणि बाष्पीभवनाने कमी झालेलं पाणी भरायचं ते गोडं आरओडीआयचंच (आरओनंतर आणखी शुद्ध केलेलं), कारण उडून जातं ते पाणी, मीठ टाकीतच राहतं.

टोडस्टूल लेदरबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण नवीन माणूस त्याच्यामुळेच सर्वांत जास्त घाबरतो. एके सकाळी पाहिलं तर सगळे पॉलिप आत, टोपी आक्रसलेली, वर मेणासारखी चकचकीत साय. दुसऱ्या दिवशी तेच. चौथ्या दिवशी ती साय एका कडेने सुटून पाण्यात फडफडत होती, तिच्यावर शैवाल आणि कचरा चिकटलेला. ते कात टाकत होतं. मी फक्त वेव्हमेकर (प्रवाह करणारा पंप) थोडा त्याच्याकडे वळवला. सातव्या दिवशी साय निघाली आणि संध्याकाळपर्यंत सगळे पॉलिप बाहेर, आधीपेक्षा लांब. असं दर दीड-दोन महिन्यांनी होतं. अशा वेळी त्याला हात लावू नका, जागा बदलू नका, औषध घालू नका. मात्र लेदर कोरल पाण्यात शेजाऱ्यांना त्रास देणारी रसायनं सोडतात, म्हणून मी ॲक्टिव्हेटेड कार्बन कायम ठेवते आणि दर तीन आठवड्यांनी बदलते.

आता न निघणारं कोरल. ग्रीन स्टार पॉलिप म्हणजे जांभळी चटई आणि त्यावर हिरवं गवत डोलतंय असं दिसतं. वडील संध्याकाळी टाकीसमोर बसतात ते त्याच्यासाठी. मी ते मुख्य खडकावर मधोमध लावलं. चार महिन्यांत चटई शेजारच्या झोअँथिड या रंगीत कोरलच्या वसाहतीखाली शिरली. कोपरा उचकटला की तुकडा निघतो, पण खडकाच्या छिद्रात राहिलेल्या जराशा ऊतीतून ते पुन्हा उगवतं. हे कोरल घ्याच, पण वाळूत सुट्ट्या ठेवलेल्या एकट्या दगडावर किंवा मागच्या काचेवर लावा. झेनिया आणि केनिया ट्री या पसरणाऱ्या मऊ कोरलांनाही हाच नियम. केनिया ट्री तर फांद्या गाळतं आणि पडेल तिथे रुजतं. म्हणून मी ते घेतलंच नाही.

झोअँथिडचे रंग पाहून कुणाचाही हात पुढे जातो, आणि ते टिकतातही. पण यातल्या काही जातींत, विशेषतः पॅलिथोआमध्ये, पॅलिटॉक्सिन नावाचं अतिशय जहाल विष असतं. कापताना, खडक घासताना हातमोजे आणि डोळ्यांवर चष्मा हवाच, हाताला जखम असेल तर ते काम दुसऱ्या दिवशी. असा खडक कधीही उकळू नका, त्याच्यावर गरम पाणी ओतू नका. वाफेतून विष श्वासात जाऊन घरातली माणसं रुग्णालयात पोचल्याच्या घटना झालेल्या आहेत. घरात लहान मूल असेल तर टाकीत हात घालू न देण्याचं हे एक कारण पुरेसं आहे. हे विकणाऱ्याने सांगायला हवं, मला कुणी सांगितलं नव्हतं.

सातव्या-आठव्या महिन्यात टाकी सर्वांत वाईट अवस्थेत होती, आणि पाणी सर्वांत 'स्वच्छ' होतं. स्किमर (फेसाबरोबर घाण काढणारं यंत्र) जोरात, फॉस्फेट शोषणारं मिडिया (फिल्टरमधले दाणे) चालू, माशांना खाणं अगदी मोजकं. नायट्रेट शून्य, फॉस्फेट शून्य. मला अभिमान वाटत होता. मग वाळूवर तपकिरी तंतू दिसायला लागले, त्यांत अडकलेले बुडबुडे. दिवसभर वाढायचे, रात्री जवळजवळ नाहीसे व्हायचे. हे डायनोफ्लॅजेलेट, म्हणजे त्रासदायक एकपेशीय जीव, होते. गोगलगायी मेल्या, झोअँथिड मिटले, मश्रूम फिकी पडून नखाएवढी झाली. कोरलच्या शरीरातल्या सूक्ष्म शैवालाला उजेडाबरोबर नायट्रोजन आणि फॉस्फरसही लागतो, आणि मी तोच काढून घेतला होता. फॉस्फेटचं मिडिया बंद केलं, खाणं वाढवलं, पाणी बदलणं थांबवलं. नायट्रेट ५ ते १० पीपीएम (दहा लाखांत भाग) आणि फॉस्फेट ०.०५च्या आसपास टिकल्यावर दीड महिन्यात तंतू गेले. नव्या टाकीत शून्य आकडा पाहून खूश होऊ नका, एवढं मात्र मी प्रत्येकाला सांगते.

दगडी सांगाड्याच्या कोरलांत डंकनने मला जिंकलं. तीन तोंडांचा तुकडा होता, आज चौदा तोंडं आहेत. आठवड्यातून दोनदा पंप बंद करून ड्रॉपरने प्रत्येक तोंडाजवळ एकेक मायसिस (कोळंबीसारखा छोटा जीव) सोडते. मायसिस टोकाला लागला की आधी दोन-तीन शुंडके वळतात, मग बाकीची त्याच्यावर दुमडतात आणि पूर्ण पॉलिप मुठीसारखा मिटतो. वीसेक मिनिटांनी उघडतो तेव्हा आत काही नसतं. कँडी केन हे दुसरं दगडी कोरलही तसंच निर्धास्त, फक्त वाढ सावकाश. ही दोन्ही मी सहा महिने झाल्यावर घेतली आणि तेच योग्य होतं.

हॅमर हे तिसरं दगडी कोरल मात्र पाचव्याच महिन्यात आणलं, घाई केली. तीन आठवडे सुंदर फुललं होतं. त्या काळात अल्कलिनिटी (पाण्यातले कार्बोनेट, सांगाड्यासाठी लागणारे; मोजमाप डीकेएच) ९ वरून ७ डीकेएचवर आली आणि मी ती एका दिवसात परत वर नेली. चार दिवसांनी एका फांदीवर तपकिरी जेली दिसली, सहाव्या दिवशी फक्त पांढरा सांगाडा. पातळी कमी होती यापेक्षा ती एका झटक्यात बदलली हे जास्त घातक ठरलं असं मला वाटतं. आता दिवसाला अर्ध्या डीकेएचहून जास्त फरक मी पडू देत नाही. हॅमरची शुंडके रात्री लांब होऊन शेजाऱ्याला डंख मारतात, तेव्हा चारही बाजूंनी वीतभर जागा मोकळी हवी.

खरेदीबद्दल थोडंच. टाकीत वाढवलेले तुकडेच घ्या, समुद्रातून तोडून आणलेले नकोत. टाकीतले तुकडे बंद पाण्याला सरावलेले असतात आणि रीफही शाबूत राहतं. दगडी प्रवाळ साइट्स कराराच्या (धोक्यातल्या जीवांच्या व्यापाराचा आंतरराष्ट्रीय करार) परिशिष्ट २ मध्ये आहेत आणि काही देशांत ते बाळगण्यावरही बंदी आहे, म्हणून आपल्या देशाचा कायदा आधी पाहून घ्या. आणलेला तुकडा कोरल डिपमध्ये (कीड मारणाऱ्या द्रावणात) बुडवा, प्लग (तुकडा चिकटवलेली चकती) उलटा करून ऐप्टेशिया (पसरणारं, डंख मारणारं समुद्रफूल) आहे का ते पाहा, शक्य असेल तर प्लग फेकूनच द्या. नवीन तुकडा आधी तळाशी, आठवडाभराने वर.

सध्या दर रविवारी १० टक्के पाणी बदलते, तापमान २५.५ अंश, अल्कलिनिटी दर तिसऱ्या दिवशी वहीत लिहिते. डंकन वाढल्यापासून ती आठवड्याला जवळजवळ १ डीकेएच उतरते, त्यामुळे रोज थोडं द्रावण घालावं लागतं. सलग तीन महिने ती ८ ते ८.५ मध्ये राहिली की हॅमर पुन्हा आणायचं ठरवलंय. उजव्या टोकाचा खडक त्याच्यासाठी रिकामा ठेवलाय, ग्रीन स्टारची चटई तिथवर पोचू नये म्हणून मधली कड दर आठवड्याला खरवडते. वहीत आज सातवा आठवडा आहे.