आठ महिने, सहा बाटल्या: अकलूजची शार्डोने

माझं आजोळ माळशिरस तालुक्यातलं. अकलूज म्हटलं की ऊस, साखर कारखाना आणि घोडेबाजार, एवढंच डोक्यात. तिथे वाइनची द्राक्षं लावलीत हे कळल्यावर पहिली बाटली घेतली ती चवीसाठी नव्हे, आजोळच्या मायेपोटी. ती बाटली 'फ्राटेली' कंपनीची. फ्राटेली म्हणजे इटालियनमध्ये भाऊ. इटलीचे सेच्ची, दिल्लीचे सेखरी आणि अकलूजचे मोहिते-पाटील अशा तीन घरच्या भावांनी सुरू केलेली ही कंपनी. त्यांची साधी शार्डोने (याच नावाच्या द्राक्षाची पांढरी वाइन) मला पुण्यात हजाराच्या आत मिळते.

पहिली बाटली मीच वाया घालवली. बीअरसारखी फ्रीझरमध्ये ठेवून बर्फगार केली आणि मग वासच येईना; गार, आंबट पाणी नुसतं. दुसऱ्या वेळी गप्पांच्या नादात ग्लास तसाच राहिला आणि अर्ध्या तासाने उचलला तर आत वेगळीच वाइन! पिकलेलं सफरचंद, लिंबाची साल, मागे जरासं पपनस. तेव्हापासून फ्रिजमधून काढून पंधरा-वीस मिनिटं ओट्यावर ठेवतो. दहा-बारा अंशांना ती बोलायला लागते.

शार्डोने म्हणजे लोणी आणि व्हॅनिला अशी समजूत असेल तर इथे ते शोधू नका. हे दोन्ही वास मुळात द्राक्षाचे नाहीतच. व्हॅनिला येतो ओकच्या लाकडी पिंपातून. लोण्याचा वास येतो तो जिवाणू वाइनमधल्या बोचऱ्या मॅलिक आम्लाचं सौम्य लॅक्टिक आम्ल करतात त्या प्रक्रियेत. फ्रान्समधलं बर्गंडी हे या द्राक्षाचं माहेर, पण तिथल्याच शाब्ली भागात पिंपाचा वास नसलेली शार्डोने आवडीने पितात. मलाही आता तशीच आवडते. बायकोला मात्र अजून वाटतं की हिच्यात 'काहीतरी कमी आहे'.

जेवणाबरोबर खरी गंमत. रवा लावून तळलेलं पापलेट, नारळाच्या दुधातली कोलंबी, ओल्या काजूची उसळ: तिन्हींबरोबर झकास. अळूवडीची चिंच मात्र तिला मारते. तांबड्या रश्श्याबरोबर एकदा प्रयोग केला. मिरचीमुळे अल्कोहोलने घसा जाळला आणि फळाचा वास पार गेला. सोलापुरी शेंगाचटणीबरोबर चालेल अशी माझी भाबडी आशा होती (शेवटी गाववाले ना!). नाही चालली.

चौथी बाटली बिघडलेली निघाली. एप्रिलमध्ये एका दुकानातून घेतली, काचेतल्या उन्हात उभी होती. रंग तपकिरीकडे झुकलेला, वास शिजवलेल्या सफरचंदाचा. दुकानदार म्हणाला, "साहेब, वाइन जुनी तेवढी चांगली." या किमतीच्या पांढऱ्या वाइनला ते लागू नाही. आपल्याकडे पावसाळा सरल्यावर फळछाटणी होते आणि तोडणी साधारण जानेवारी ते मार्चमध्ये. लेबलवरचं वर्ष त्या तोडणीचं. मी आता सर्वांत ताजं वर्ष आणि आतल्या, सावलीतल्या फळीवरची बाटली मागतो.

उघडलेली बाटली झाकण घट्ट लावून फ्रिजमध्ये दोन दिवस छान राहते, तिसऱ्या दिवशी मंदावते. चौथ्या दिवशी उरलेली वाइन तिसऱ्यांवर (शिंपल्यांवर) ओततो, लसूण आणि कोथिंबीर घालून. पाच मिनिटं झाकण. शिंपल्या उघडल्या की गॅस बंद.