गलांडा लावायचाय, पण तिघांपैकी कोणता?

दसऱ्याला झेंडूच्या शेजारी विकायला येणारा लाल-पिवळा गलांडा मूळचा उत्तर अमेरिकेचा. वनस्पतींचा शौक असलेल्या अठराव्या शतकातल्या एका फ्रेंच न्यायाधीशावरून त्याचं शास्त्रीय नाव पडलं गेलार्डिया. अमेरिकेतल्या नर्सरीत त्यालाच ब्लँकेट फ्लॉवर म्हणतात. तिकडे अंगण असलेल्यांची अडचण अशी की पाटी एकच, पण त्या नावाखाली तीन निरनिराळी झाडं विकली जातात.

टेक्सास, ओक्लाहोमाच्या उन्हातलं अंगण असेल तर पहिला, गेलार्डिया पुल्केला. हा एकवर्षायू, एका वर्षापुरताच सोबती. हिवाळ्याच्या आधी बी फेकायचं, वसंतात फूल येतं, आणि सगळी सुकलेली फुलं खुडली नाहीत तर पुढच्या वर्षी आपोआप उगवतो. रेताड जमीन, खारा वारा, पाण्याची ओढ, सगळं चालतं. ओक्लाहोमाने १९८६ मध्ये त्याला राज्याचं रानफूल ठरवलं. आपल्याकडे हारासाठी पिकवतात तोही हाच; त्यातल्या भरगच्च दुहेरी फुलांच्या प्रकाराला लॉरेंझियाना म्हणतात. घरच्या तोरणासाठी हवा असेल तर दुसरं काही बघूच नका.

मोंटाना, डकोटा, कोलोरॅडोत राहत असाल तर अरिस्टाटा. हा बहुवर्षायू, हाडं गोठवणाऱ्या थंडीतही मुळं जिवंत ठेवणारा. अमेरिकेच्या पश्चिमेकडे शोधमोहीम नेणाऱ्या मेरिवेदर लुईसने १८०६ च्या जुलैमध्ये आजच्या मोंटानात त्याचा नमुना गोळा केला होता. बियांपासून लावलात तर पहिल्या वर्षी बहुतेक नुसती पानंच दिसतील, इतका धीर हवा. कोलोरॅडोत एक पतंग या फुलावर बसला की दिसेनासा होतो, इतके दोघांचे रंग जुळलेले. अशा पाहुण्यांसाठी बाग करणाऱ्याने स्थानिक बीच शोधावं.

तिसरा ग्रँडिफ्लोरा, या दोघांचा संकर. एकोणिसाव्या शतकात बेल्जियममधल्या एका बागेत तो आढळला. फुलं मोठी, बहर लांबलचक, आणि दुकानात सगळ्यात आधी नजरेत भरतो तोच. ‘ॲरिझोना सन’ हा त्याचा ठेंगणा वाण २००५ मध्ये ऑल-अमेरिका सिलेक्शन्सचा, म्हणजे नवे वाण पारखून निवडणाऱ्या अमेरिकी संस्थेच्या पुरस्काराचा, मानकरी ठरला. कुंडीसाठी मी तोच घेईन. लेबलवर ‘बहुवर्षायू’ लिहिलेलं असलं तरी दोन-तीन वर्षांत तो दमतो, हे धरूनच पैसे मोजा.

चिकणमाती तिघांनाही जाचते. हिवाळ्यात मुळाशी पाणी साचलं की झाड थंडीपेक्षा कुजण्यानेच जातं. वाळू, खडी मिसळून वाफा उंच करा. खताची हौस आवरा, नाहीतर पानं माजतात आणि दांडे लोळतात.

घेताना लेबलवरचं बारीक अक्षरातलं लॅटिन नाव वाचा. ते दिलंच नसेल आणि कुंडीतलं रोप बुटकं, फुलांनी लगडलेलं असेल, तर बहुधा तो संकरच.