खाडीचा जिताडा की तळ्यातला?
पेण-अलिबागकडे जेवायला पाहुणा आला की हा प्रश्न निघतोच. मासा एकच. गोव्यात त्यालाच चोणक म्हणतात, ऑस्ट्रेलियात बारामुंडी.

गळ टाकणाऱ्याला विचाराल तर खाडीचाच. भरती-ओहोटीच्या पाण्यात वाढलेला हा शिकारी गळाला लागला की पाण्याबाहेर उसळी घेतो, जबडा वासून डोकं झटकतो. कल्ल्याच्या झाकणाची कड पात्यासारखी धारदार. दोरी तिच्यावर घासली की संपलंच. म्हणून गळाजवळचा हातभर तुकडा जाड दोरीचाच हवा. मासा उचलतानाही बोटं जपायची.

तळ्यातला जिताडा ही खारेपाटातल्या, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीच्या पट्ट्यातल्या, घरची ठेव. पिल्लं आणून सोडायची, ती तळ्यातले लहान मासे खाऊन वाढतात. हवा तेव्हा ताजा मासा, ही मोठी सोय. फक्त तळं गढूळ असेल तर मांसाला चिखलाचा वास लागतो.

चवीला मी खाडीचाच घेईन. पण हा मासा आधी नर असतो आणि मोठेपणी मादी होतो. म्हणजे खाडीतला दहा किलोंचा जिताडा ही बहुधा अंडी घालणारी मादी. तशी गळाला लागली की मी तिला परत सोडतो आणि घरी तळ्यातला नेतो.