लिनक्स मिंटवर लग्नपत्रिका: एका डीटीपीवालीचा हंगामभराचा अनुभव

माझा लॅपटॉप दहाव्या वर्षात आहे. इंटेलचा सहाव्या पिढीचा आय-५ प्रोसेसर, आठ जीबी रॅम. नाशिकमध्ये इंदिरानगरच्या घरातल्या मागच्या खोलीत बसून मी त्यावर लग्नपत्रिका, वास्तुशांतीची निमंत्रणं आणि मंडळांची पावतीपुस्तकं करते. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला. विंडोज ११ साठी इंटेलचा निदान आठव्या पिढीचा प्रोसेसर लागतो, म्हणजे माझं मशीन बाद. वर्षभराची मुदतवाढ मिळते, पण त्यासाठी मायक्रोसॉफ्टचं खातं जोडायचं. माझ्या टेबलावरचं, माझ्या पैशांचं मशीन, आणि परवानगीला खातं? नको.

एका दुकानात चौकशी केली. तो मुलगा म्हणाला, "मॅडम, चेक बायपास करून अकरा टाकून देतो. वर कोरल, फोटोशॉप, सगळं पाचशेत." कोरल म्हणजे पत्रिकांची चित्रं आणि मांडणी करायचं सॉफ्टवेअर, आणि पाचशेत मिळतं ते चोरीचंच. लॅपटॉप बॅगेत घातला आणि निघाले.

यामागे एक जुनं दुखणं आहे. बारा-एक वर्षांपूर्वी मी येवल्याच्या एका पैठणीच्या पदरावरून मोरांची बॉर्डर काढली होती. तीन रात्री गेल्या. पुढच्याच हंगामात पंचवटीतल्या एका लग्नात हातात आलेल्या पत्रिकेवर तेच मोर, एका मोराची चोच मी चुकून जाड केली होती ती चूकसुद्धा तशीच. घरी येऊन मी नुसती आगपाखड करत होते. नवऱ्याने पेपरमधून डोकं वर न काढता विचारलं, "तुझं कोरल कुठून आलं गं?" ते आलं होतं हातोहात फिरणाऱ्या सीडीवरून. दोन दिवस मी त्याच्याशी बोलले नाही. तिसऱ्या महिन्यात भिशी लागली, तिच्यात लायसन्स घेतलं. तेव्हापासून फुकटचं चोरलेलं काही मशीनवर नाही. भाचा हसतो. म्हणतो, "मावशी, अख्खा बाजार तसाच चालतो."

त्याच भाच्याने लिनक्स मिंट सुचवलं, म्हणजे विंडोजच्या जागी बसणारी, रीतसर मोफत मिळणारी ऑपरेटिंग सिस्टिम. २२.२ आवृत्ती, नाव झारा. मिंटच्या आवृत्त्यांना मुलींची नावं देतात, शेवटी 'आ' येणारी. हे वाचूनच मला ते थोडं आवडलं. आधी पेनड्राइव्हवरून चालवून बघता येतं, त्यात आतल्या डेटाला धक्का लागत नाही. दोन दिवस तसं चालवलं, वायफाय आणि प्रिंटर दोन्ही चालले, मग दिवाळीच्या सुट्टीत कायमचं बसवलं. अपडेट २०२९ पर्यंत मिळणार आहेत.

त्यासाठी २,६०० रुपयांची एसएसडी, म्हणजे हार्डडिस्कपेक्षा वेगवान डिस्क, घेतली. बिल करताना काउंटरवर मोबाइल नंबर मागितला. मी म्हटलं, देत नाही. "मॅडम, त्याशिवाय सिस्टिम पुढे जात नाही." ग्राहक व्यवहार खात्याने मे २०२३ मध्येच दुकानदारांना सांगितलंय, बिलासाठी नंबरचा आग्रह धरू नका. हे मी शांतपणे सांगितलं. मागे रांगेत एक काका चुळबूळ करू लागले. शेवटी मुलाने दहा वेळा नऊ दाबला आणि सिस्टिम गेली पुढे. वॉरंटीला छापील बिल पुरतं. अशा वेळी मला लाज वाटते, हे कबूल करते. नुसता नंबर देऊन मोकळं होणं किती सोपं असतं.

आता मराठीचं. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये इनस्क्रिप्ट, म्हणजे मराठी कळांची प्रमाण मांडणी, निवडला आणि टायपिंग सुरू. 'दुसऱ्या'मधला ऱ शिफ्ट धरून र च्या कळीवरच येतो, दुसरं काही शोधावं लागत नाही. लिब्रेऑफिस या मोफत ऑफिस सॉफ्टवेअरमध्ये मजकुराची भाषा हिंदी राहिली तर ल आणि श हिंदी वळणाचे दिसतात. मराठी केली, आणि फॉन्टमध्ये सोय असली, की पाकळीचा ल आणि देठाचा श आपोआप. वीस वर्षं या कामात आहे, पण भाषा नेमायची असते हे आत्ता कळलं.

छपाईने मात्र पाणी पाजलं. तुळशीचं लग्न झालं आणि पहिलीच ऑर्डर आली, तीनशे पत्रिका. इंकस्केप या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये केली. स्क्रीनवर कुंकवाचा लाल असा की बघत राहावं. छापून आला तो विटकरी. वधूची आई पत्रिका उलटीसुलटी करत म्हणाली, "ताई, हे तेराव्याचं वाटतंय हो." इंकस्केप आरजीबीत, म्हणजे स्क्रीनच्या लाल-हिरव्या-निळ्या रंगांत काम करतं आणि छापखाना सीएमवायकेत, म्हणजे शाईच्या चार रंगांत, हे मला माहीत असायला हवं होतं. चूक माझीच. तीनशे पत्रिका पुन्हा छापल्या, पदरच्या पैशांनी. आता चित्र इंकस्केपमध्ये, पण मांडणी आणि रंग स्क्रायबस या पानं मांडायच्या सॉफ्टवेअरमध्ये, आणि तिथूनच सीएमवायके पीडीएफ. स्क्रायबसच्या जुन्या १.४ मध्ये देवनागरीची जोडाक्षरं तुटायची, हल्ली नीट जुळतात. शिकायला मात्र ते रुक्ष आहे. दोन आठवडे मी त्याला शिव्या घालत होते.

छापखान्याचे दादा अजून "कोरल फाईल, कर्व्ह करून" असंच मागतात, म्हणजे अक्षरांचे आकार करून. पीडीएफ दिली की नाक मुरडतात, पण छपाईची प्लेट काढतात.

जुन्या कामाचं काय? माझ्या शेकडो फायली युनिकोडच्या, म्हणजे सगळ्या मशीनवर सारख्या चालणाऱ्या अक्षरांच्या, आधीच्या फॉन्टात आहेत. मिंटमध्ये कोरलच्या फायली कशाबशा उघडतात, पण मजकूर इकडेतिकडे पळतो आणि अक्षरांच्या जागी भलतंच दिसतं. म्हणून डीव्हीडी ड्राइव्ह काढून त्या जागी ३५० रुपयांच्या कॅडीत, म्हणजे डिस्क बसवायच्या चौकटीत, जुनी हार्डडिस्क बसवली. तिच्यावर विंडोज १० आणि लायसन्सवालं कोरल तसंच आहे, नेट बंद करून. जुनं गिऱ्हाईक "मागच्या मुलीची होती तशीच करा" म्हणालं की तिकडून सुरू करते. ही पळवाट आहे, मान्य. आणि व्हॉट्सअॅप? ते आहेच फोनवर. प्रूफ दुसरीकडे कुठे पाठवलं तर मुलाकडचे बघतच नाहीत, आणि मला घर चालवायचं आहे.

वेगाबद्दल एवढंच, की चहाचं आधण ठेवून मशीन सुरू करायची सवय मोडली. काही श्रेय एसएसडीचंही असेल.

माझ्यासारख्या डीटीपीवाल्या कोणी हा बदल करणार असतील तर हंगामाच्या तोंडावर करू नका. पितृपक्षात करा. त्या पंधरा दिवसांत तसंही कोणी पत्रिका छापत नाही.