बोटुलिनम इंजेक्शन आणि त्यानंतरचे प्लास्टर : तीन फेऱ्यांचा अनुभव

सेरेब्रल पाल्सीमुळे (मेंदूला लहानपणीच झालेल्या इजेमुळे हालचालींवर होणाऱ्या परिणामामुळे) दोन्ही पायांत ताठरपणा असलेल्या आमच्या मुलाला चौथ्या ते सहाव्या वर्षादरम्यान तीन वेळा पोटऱ्यांमध्ये बोटुलिनम टॉक्सिन ए दिले गेले. तो कोणाचाही हात न धरता चालतो, परंतु चवड्यांवर. त्याच्या बुटांचे पुढचे टोक महिनाभरात झिजत असे आणि टाचेकडचा भाग नव्यासारखा राहत असे. या उपचाराचा विचार करणाऱ्या पालकांसाठी आमचे मत सुरुवातीलाच सांगतो : पहिली फेरी जवळजवळ वाया गेली, दुसरीचे पूर्ण चीज झाले आणि तिसरीतून निम्मेच मिळाले. औषध मात्र तिन्ही वेळा एकच होते.

हे औषध मज्जातंतूच्या टोकातून ॲसिटिलकोलीन हे निरोप नेणारे रसायन बाहेर पडू देत नाही, त्यामुळे आकुंचन पावण्याचा निरोप स्नायूपर्यंत नीट पोहोचत नाही आणि तो सैल पडतो. मेंदूतील इजा होती तशीच राहते. परिणाम काही दिवसांत जाणवू लागतो, साधारण चौथ्या आठवड्यापर्यंत तो सर्वाधिक असतो आणि तीन-चार महिन्यांत ओसरतो. म्हणजे आपण खरे तर तीन महिन्यांची मुदत विकत घेत असतो, आणि पहिल्या वेळी हेच आम्हांला कोणी समजावले नाही. त्या रुग्णालयात इंजेक्शन झाले, घरी पाठवले गेले आणि फिजिओथेरपीची पहिली तारीख पाच आठवड्यांनंतरची मिळाली. मुलाचे पाय सैल होते, पण सैल पायांनी कसे चालायचे हे त्याला शिकवायला कोणीच नव्हते. पहिल्या आठवड्यात तर तो नेहमीपेक्षा जास्त पडला.

दुसऱ्या वेळी आम्ही दुसरीकडे गेलो. तेथील डॉक्टरांनी गुडघा सरळ ठेवून पाऊल आधी अगदी सावकाश वर ढकलले, तेव्हा ते काटकोनाच्या थोडे पलीकडे गेले. मग झटक्याने ढकलले, तेव्हा ते मध्येच अडकले. या दोन कोनांतील अंतर मोठे असेल तर अडथळा मुख्यतः ताठरपणाचा असतो आणि इंजेक्शनला वाव असतो. सावकाश ढकलूनही पाऊल वर येत नसेल, तर स्नायू प्रत्यक्षातच आखूड झालेला असतो आणि तेथे या औषधाचा फारसा उपयोग नाही. पाच मिनिटांची ही तपासणी पहिल्या ठिकाणी आमच्या देखत तरी झाली नव्हती. सोनोग्राफीच्या पडद्यावर पाहत सुई नेमक्या स्नायूत घातली गेली, दोन आठवड्यांनी गुडघ्याखाली प्लास्टर चढवले गेले आणि पुढचे तीन आठवडे दर आठवड्याला ते बदलून पाऊल थोडे थोडे वर आणले गेले. पिशव्या बांधून अंघोळ घालण्याचा आणि रात्रीच्या खाजेचा त्रास झाला, हे लपवत नाही. प्लास्टर निघाल्यावर लगेच एएफओ (घोटा आणि पाऊल योग्य स्थितीत धरून ठेवणारे आधार) बसवले आणि आठवड्यातून चार दिवस थेरपी सुरू झाली. थेरपिस्ट ताईंनी त्याला उंबरठा ओलांडायला आणि उताराच्या रस्त्यावर टाच आधी टेकवायला शिकवले. त्यानंतर कित्येक महिने बूट दोन्ही बाजूंनी सारखे झिजत होते.

याआधी बॅक्लोफेन या ताठरपणा कमी करणाऱ्या औषधाच्या गोळ्याही देऊन पाहिल्या होत्या. त्यांचा परिणाम फक्त पोटरीवर न होता सगळ्या शरीरावर होतो. मुलगा वर्गात पेंगू लागला, शिवाय ज्या ताठरपणाच्या आधाराने तो उभा राहत असे तोही कमी झाला. या गोळ्या एकदम बंद करणे धोक्याचे असते, त्यामुळे त्या डॉक्टरांच्या सांगण्यावरून हळूहळू थांबवल्या.

दोन गोष्टी आग्रहाने मागून घ्याव्यात. एका ब्रँडचे युनिट दुसऱ्या ब्रँडच्या युनिटइतके नसते, म्हणून कोणते औषध, कोणत्या स्नायूत, किती युनिट हे कागदावर लिहून घ्यावे; आम्ही रुग्णालय बदलले तेव्हा हाच कागद नसल्याने अडचण झाली. दुसरे म्हणजे औषध इतरत्र पसरून गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास होण्याचा इशारा त्याच्या माहितीपत्रकातच असतो, तेव्हा ज्या मुलांना आधीच गिळायला अवघड जाते त्यांच्या पालकांनी हा विषय स्वतःहून काढावा. खर्चाबाबत, नॅशनल ट्रस्ट या केंद्र सरकारच्या संस्थेच्या, सेरेब्रल पाल्सीसारख्या अपंगत्वांसाठी असलेल्या निरामय आरोग्य विमा योजनेत 1 लाख रुपयांपर्यंतचे विमासंरक्षण मिळते आणि त्यात थेरपीही येते. इंजेक्शनमागोमाग लागणाऱ्या थेरपीच्या खर्चाचा विचार आधीच करून ठेवावा.

तिसऱ्या फेरीच्या आधीच्या काही महिन्यांत मुलगा भराभर उंच झाला. हाड वाढते त्या वेगाने ताठर स्नायू लांबत नाही, त्यामुळे सावकाश ढकलल्यावरचा कोनच घटला होता आणि इंजेक्शनाला करण्याजोगे थोडेच उरले होते. चौथी फेरी आम्ही सध्या पुढे ढकलली आहे. आधी केवळ प्लास्टर लावून कोन कितपत परत मिळतो ते पाहायचे आणि मगच इंजेक्शनाचा विचार करायचा, असे डॉक्टरांशी बोलून ठरले आहे.