हो वाचता, सांगना : ऑडिओबुकांचे नऊ महिने

गेल्या गणेश चवथीनंतर बाबांनी भिंग कपाटात ठेवून दिलं. काचबिंदू जुनाच होता, पण तोवर पान डोळ्यांशी नेऊन ते कसंबसं वाचत. पणजीच्या मध्यवर्ती ग्रंथालयातून मी पुस्तकं आणायची आणि आठवड्याभरात त्यांनी ती संपवायची, हा वर्षानुवर्षांचा परिपाठ थांबला. त्याच आठवड्यात मी एका ऑडिओबुक ॲपची वर्गणी भरली. ॲपचं नाव लिहीत नाही. खाली तक्रारी आहेत, आणि तसंही मला सांगायचंय ते ॲपपेक्षा आवाजाबद्दल.

आमच्या ऐकण्याच्या जागा दोन. एक माझी गाडी : फोंडा ते पणजी, सकाळी पाऊण तास, भोमला गाड्या तुंबल्या की तास. दुसरी घरचा सोपा, जिथे बाबांची वेताची खुर्ची आणि शेजारी स्टुलावर छोटा स्पीकर. इअरफोन त्यांना चालत नाहीत. कानात बोळे घातल्यासारखं वाटतं म्हणतात.

पहिला महिना फुकट गेला, आणि चूक माझीच. मी पुस्तकांची नावं बघून निवड केली, वाचणाऱ्याचं नाव बघितलंच नाही. पहिली कादंबरी लावली ती एका नटाच्या आवाजात. आवाज भारदस्त, उच्चार खणखणीत, मागे बासरी, पाऊस आला की खरोखरचा पाऊस. दहा मिनिटं बाबा गप्प ऐकत होते. मग म्हणाले, "हो वाचता मरे, सांगना." म्हणजे, हा नुसता वाचतो रे, सांगत नाही.

बाबा घरी कोकणी बोलतात आणि वाचतात मराठी, आमच्याकडच्या बहुतेक घरांत असतं तसंच. पण हे वाक्य म्हणजे नुसती कुरकुर नव्हती. गावच्या जत्रेला रात्रभर चालणाऱ्या नाटकांत त्यांनी तीस वर्षं कामं केली आणि दात गेल्यावर विंगेत पुस्तक धरून प्रॉम्प्टिंग केलं. कोणाला वाक्य पाठ आहे आणि कोणाला समजलंय, हे त्यांना अंधारात उभं राहून कळायचं. मला ते कळायला दोन महिने लागले.

आता माझ्या परीने सांगते. मराठीत क्रियापद शेवटी येतं. "तिने त्या दिवशी आलेलं पत्र, पुन्हा एकदा घडी उलगडून, दिव्यापाशी नेऊन वाचलं" इथवर एक सूर चालतो आणि पुढे "नाही" आलं की सगळं वाक्य उलटं होतं. छापील पानावर डोळा पुढे धावून ते "नाही" आधीच टिपतो. ऐकणाऱ्याला ती सोय नाही. वाक्य कुठे जाणार आहे ते वाचणाऱ्याला पहिल्या शब्दापासून माहीत असेल, तर त्याचा सूर आधीपासून किंचित आवरलेला असतो. माहीत नसेल, तर तो मधेच उत्साहाने चढतो आणि "नाही"पाशी येऊन आपटतो. संवादाचंही तेच. "असं ती हळूच म्हणाली" हे आपण संवादाच्या नंतर लिहितो. न वाचता माईकसमोर बसलेला माणूस आधी ठणकावून बोलतो आणि मग कळतं, बाई हळूच बोलत होत्या. असं तासाभरात चारदा झालं की मी पुस्तक बंद करते. आता नवीन काही घेण्याआधी सॅम्पलमध्ये मी फक्त हेच बघते. आवाज गोड आहे की नाही याच्याशी मला घेणंदेणं उरलेलं नाही.

दुसरी मेख च, ज, झ यांची. लिपीत एकच अक्षर, तोंडात दोन. एका कौटुंबिक कादंबरीत मरणाला टेकलेली आई मुलाला सांगते, "आता तुझ्यासाठी जग." वाचणाऱ्या बाईंनी हा "जग" दुनियेतला जग म्हणून वाचला. अर्थ झाला, आता तुझ्यासाठी दुनिया. गाडी तेव्हा बाणस्तारीच्या पुलावर होती आणि त्या करुण प्रसंगात मी एकटीच खो खो हसले. रेकॉर्डिंगच्या वेळी कोणीतरी पलीकडे कान लावून बसलेलं असणार ना? त्यालाही खटकलं नाही? हल्ली काही पुस्तकं यंत्राच्या आवाजात येतात. एक ऐकून पाहिलं, तिथे तर हा घोटाळा पानोपानी. यंत्राला निदान माफ करता येतं.

गोव्यात घडणारी एक कादंबरीही ऐकली. मराठी निवेदन उत्तम, पण मधे मधे कोकणी संवाद. "कितें जालें?" मधला शेवटचा नाकातला सूर त्या बिचाऱ्याला ठाऊकच नव्हता, त्याने सरळ "कितेन जालेन" म्हटलं. बाबा पुढे आठवडाभर आईला जेवणाच्या पाटावरून विचारत होते, "नुस्तें कितेन जालेन?" (नुस्तें म्हणजे मासळी.)

खरा धडा मिळाला तो 'श्यामची आई'मुळे. साने गुरुजी १९५० साली गेले. आपल्या कायद्याप्रमाणे साठ वर्षं उलटल्यावर, म्हणजे २०११पासून त्यांचं लेखन सर्वांना खुलं झालं. त्यामुळे हे पुस्तक वेगवेगळ्या आवाजांत मिळतं. आम्ही डिसेंबरात तीन आवाज काढले आणि एकच प्रसंग तिघांकडून ऐकला : अंघोळ झाल्यावर ओल्या तळव्यांना माती लागू नये म्हणून श्याम हट्ट करतो आणि आई ओचा पसरते, तो. पहिल्या आवाजाच्या गळ्यात पहिल्या ओळीपासून हुंदका. तो स्वतःच इतका रडला की आमच्यासाठी काही उरलं नाही. दुसरा वर्तमानपत्र वाचावं तसा. तिसरी एक बाई, वयस्कर असाव्यात, आवाजाला थोडी खर. त्यांनी पोराचा हट्ट अगदी पोरासारखा, कंटाळा आणणारा केला. मग आई ओचा पसरते तिथे काहीच केलं नाही. वाक्य संपवलं आणि थांबल्या. दोन सेकंद असतील. त्या दोन सेकंदांत मागे कुठेतरी खोलीत खुर्ची किंचित करकरल्याचं ऐकू येतं. बाबांनी मान फिरवून स्पीकरकडे पाहिलं, जणू तिथे कोणी बसलंय. म्हणाले, "ही सांगता."

मग माझ्या लक्षात आलं की ते पुस्तक मुळात सांगितलेलंच आहे. प्रकरणांना प्रकरण म्हटलेलंच नाही, रात्र म्हटलंय : रात्र पहिली, रात्र दुसरी. आश्रमातल्या सोबत्यांना श्याम रोज रात्री बसून आपल्या आईबद्दल सांगतो. ज्याने हे ध्यानात घेतलं त्याला रडायची गरजच पडत नाही, कारण श्याम मोठा होऊन, पुष्कळ काळाने सांगतोय. पुस्तक पूर्वी मी दोनदा वाचलं होतं. "रात्र" हा शब्द मात्र मी पान उलटावं तसा ओलांडला होता.

आपल्याकडे हे काही नवं नाही म्हणा. फादर स्टीफन्स यांचं ख्रिस्तपुराण १६१६ साली गोव्यातल्या रायतूरला छापलं गेलं ते ओव्यांमध्ये, लोकांनी जमून ऐकावं म्हणून. माझी आजी चातुर्मासात पोथी लावायची तेव्हा शेजारच्या चार बायका ऐकायला यायच्या, त्यांतल्या दोघींना अक्षरओळख नव्हती. पोथीत आजी कधी अभिनय करत नसे. पण रावण बोलू लागला की माळ ओढायचा वेग वाढायचा.

आता तांत्रिक, थोडक्यात. आवाजाची पातळी हा पावसाळ्यातला मोठा प्रश्न. नाट्यमय वाचणारे कुजबुजतात आणि मग ओरडतात. पाऊस गाडीच्या टपावर बडवत असताना कुजबुज जाते, आवाज वाढवावा तर पुढच्या ओरड्याला स्टीअरिंग हलतं. इंग्रजी ऑडिओबुकांसाठी एसीएक्स या ऑडिबलच्या व्यासपीठाने मापं घालून दिलीयत (शून्य म्हणजे रेकॉर्डिंगमधला कमाल आवाज) : सरासरी आवाज उणे २३ ते उणे १८ डेसिबल, सर्वांत मोठा उणे ३च्या आत, कोणी बोलत नसताना खोलीची खरखर उणे ६०च्या खाली. आमच्या वाट्याला आलेल्या काही मराठी पुस्तकांत एका भागाचा आवाज एक आणि पुढच्याचा भलताच. वेगवेगळ्या दिवशी, वेगळ्या खोलीत बसून वाचलेलं सहज ओळखू येतं.

वेग वाढवायची सोय मी सुरुवातीला सर्रास वापरली, सव्वापट. तिसऱ्या महिन्यात सोडली. वेग वाढवला की पहिल्यांदा थांबे खाल्ले जातात, आणि चांगल्या वाचणाऱ्याचं निम्मं काम थांब्यांतच असतं. वेग वाढवावासा वाटतोय म्हणजे एकतर पुस्तक फुगलंय किंवा आवाज जमलेला नाही. हे मोजमाप अजून चुकलेलं नाही.

तक्रारी. भागांना नावं नाहीत, नुसतं भाग ७, भाग ८. बाबा दुपारी ऐकता ऐकता झोपतात आणि झोपेचा टायमर लावायला मी विसरले तर पुस्तक चार तास पुढे. डोळे असलेल्या माणसाला पानं चाळून जागा सापडते, इथे मागे-पुढे पंधरा-पंधरा सेकंद उड्या मारत बसा. एकदा बाबांनीच जागा सांगितली : "ते पेज जेवताना भांडण होतं ना, त्याच्या आधी." पेजेपर्यंत पोचायला मला वीस मिनिटं लागली. ॲपमधली अक्षरं आणि बटणं तर त्यांना वापरताच येत नाहीत, दर वेळी कोणीतरी लावून द्यावं लागतं. १८७८ साली एडिसनने फोनोग्राफच्या उपयोगांची यादी केली, तिच्यात अंधांना ऐकायची पुस्तकं होती. दीडशे वर्षं होत आली आणि ज्यांच्यासाठी हे सुचलं त्यांना 'प्ले'चं बटण सापडत नाही.

सगळ्यांत संताप आला तो मार्चमध्ये. तीनशे पानी चरित्र निम्म्यावर असताना ॲपमधून गायब. ग्राहक सेवेचं उत्तर : हक्कांची मुदत संपली. डाउनलोड केलेलं असूनही उघडेना. वर्गणी म्हणजे भाडं, हे तेव्हा नीट समजलं. उरलेलं पुस्तक मी ग्रंथालयातून आणून रात्री बाबांना वाचून दाखवलं. पहिल्या दिवशी माझ्या वाचनावर काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी म्हणाले, "घाई कित्याक?"

पैशाच्या मानाने वाईट नाही, महिन्याला एका बऱ्या फिश थाळीइतके जातात. मराठीत चांगली वाचलेली पुस्तकं मोजकी आहेत, माझ्या यादीत नऊ महिन्यांत अकरा जमली. त्या खर आवाजाच्या बाईंची त्यांतली चार. पुस्तक कोणाचं आहे हे बाबा आता विचारतच नाहीत, विचारतात वाचणार कोण.

पुढच्या आठवड्यात वर्गणीची मुदत संपतेय. ठेवू का बंद करू, म्हणून काल बाबांना विचारलं. पाऊस कौलांवर जोरात होता, त्यांनी स्पीकर उचलून मांडीवर घेतला होता.

"पयलीं तिचें सोंपूं दी," म्हणाले.