घरात कुत्रा आहे आणि कोंबडीची पिल्लं घ्यायचा विचार आहे? आधी माझी फसवणूक वाचा

आमच्याकडे दोन कुत्री आहेत, मोत्या सात वर्षांचा आणि लाली दीड वर्षाची. मुलीला कोंबडीची पिल्लं पाळायची होती, दोन वर्षं मागे लागली होती आणि मी दर वेळी कुत्र्यांमुळेच नको म्हणायचे. म्हणजे भीती माझ्या मनात आधीपासून होती, आणि त्या माणसाने नेमकी तीच भीती पकडून आम्हाला गंडवलं. म्हणून सगळं सविस्तर लिहितेय, लांबलं तरी पूर्ण वाचा.

जाहिरात होती 'कुत्रा असलेल्या घरांसाठी खास'. बारा पिल्लं, एक दिवसाची, सगळ्या तलंगा म्हणजे माद्याच, लस दिलेली, सोबत 'डॉगप्रूफ' पिंजरा, बल्ब आणि कुत्र्यांना लांब ठेवणारं एक अल्ट्रासोनिक मशीन, असा पूर्ण सेट. मी मेसेज करून विचारलं की घरात दोन कुत्री आहेत, चालेल का, तर त्याने लगेच एक व्हिडिओ पाठवला. एक तपकिरी कुत्रा पडलाय आणि त्याच्या पाठीवर तीन पिल्लं झोपलीत. "ताई, आमची पिल्लं कुत्र्यांतच वाढतात, वासाला सरावलेली आहेत, कुत्रा हात पण लावत नाही." मुलीने तो व्हिडिओ पन्नास वेळा तरी बघितला असेल. सासूबाई तेव्हाच म्हणाल्या होत्या की पिल्लू कुत्र्याला सरावून काय उपयोग, कुत्रा सरावला पाहिजे ना. त्यांच्या माहेरी खुराडं भरून कोंबड्या होत्या, त्यांना कळत होतं. मी ऐकलं नाही, पूर्ण पैसे आधी पाठवून मोकळी झाले.

त्याने एक गोष्ट खरी सांगितली होती. अंड्यातून बाहेर यायच्या आधी पिल्लू आतला बलक पोटात ओढून घेतं आणि त्यावर दोन-तीन दिवस काही न खाता निघतात, म्हणून एक दिवसाची पिल्लं लांब पाठवता येतात. हे मी तपासून बघितलं, बरोबर निघालं, आणि त्यामुळेच मला त्याचं बाकीचं पण खरं वाटलं.

खोका आला तेव्हा पहिला धक्का बसला. एक दिवसाच्या पिल्लाच्या चोचीच्या टोकावर एक पांढरा बारीक टणक ठिपका असतो, त्यानेच ते कवच फोडतं, आणि तो एक-दोन दिवसांत गळून पडतो. एकाही पिल्लाला तो नव्हता, उलट पंखांवर चांगली पिसं फुटलेली. म्हणजे सहज आठवड्याची तरी असतील. मी लसीची तारीख विचारली तर म्हणाला दिलीय ना ताई, कागद कुठून देऊ. एक पिल्लू हातात घेतलं तर डोळे मिटून तसंच पडलं, मागे विष्ठा वाळून चिकटून शेपटीखालची जागा पूर्ण बंद झाली होती. कोमट पाण्यात कापूस भिजवून हळूहळू सोडवली, पण ते दुसऱ्या दिवशी सकाळी गेलं. राहिली अकरा.

आता पिंजरा. दिसायला छान, हिरवा रंग मारलेला. पण जाळी होती ती षटकोनी बारीक तारेची, आणि इथेच माझ्यासारखे लोक फसतात. ही जाळी कोंबडी आत राहावी म्हणून असते, कुत्रा बाहेर राहावा म्हणून नाही. मध्यम आकाराच्या कुत्र्याने दातात धरून ओढली की ती फाटते. त्यात ती लाकडावर नुसत्या स्टेपलच्या पिनांनी ठोकलेली, खालून पिंजरा उघडा, आणि दाराला वाकवलेल्या तारेचा हूक, जो नाकाने वर ढकलला की निघतो. जागा पण इतकी लहान की बल्ब बरोबर मधोमध यायचा. पिल्लांना पहिल्या आठवड्यात साधारण 32 ते 35 अंश ऊब लागते आणि मग दर आठवड्याला तीनेक अंश कमी करत जायचं असतं, पण गरम झालं तर बाजूला सरकायला जागा हवी ना. आमची पिल्लं चोच उघडी टाकून धापा टाकायची आणि मला वाटायचं तहान लागलीय.

मशीनवर एक निळा लाइट लुकलुकायचा, बस. आवाज येत नाही विचारलं तर म्हणाला तो माणसाला ऐकूच येत नाही ताई, फक्त कुत्र्याला येतो. आता हे पण अर्धं खरं आहे, आपल्याला साधारण 20,000 हर्ट्झपर्यंत ऐकू येतं आणि कुत्र्याला 45,000 च्या आसपासपर्यंत. म्हणजे मशीन चालू आहे की बंद हे घेणाऱ्याला कधी कळणारच नाही, अशीच वस्तू त्याने निवडली होती. नंतर भाच्याने स्क्रू काढून उघडलं. आत दोन सेल, एक छोटा एलईडी आणि दोन वायरी. स्पीकर नाही, काहीच नाही. इतकं डोकं फिरलं माझं की तो डबा मी अजून टाकला नाहीये, पुरावा म्हणून ठेवलाय.

पाच दिवस सगळं ठीक वाटलं. लाली पिंजऱ्यासमोर तासन् तास बसायची आणि आम्ही म्हणायचो, बघा राखण करतेय. तिचे मी काढलेले फोटो आता बघवत नाहीत. कान पुढे, तोंड घट्ट मिटलेलं, अंग ताठ, पापणी लवत नाहीये. ही राखण नसते हो, हा शिकारीचा पवित्रा असतो. निवांत कुत्रा तोंड सैल सोडतो, इकडेतिकडे बघतो, उठून निघून जातो. तुमचा कुत्रा असा खिळून बघत असेल तर लगेच त्याला तिथून हलवा, हाक मारूनही नजर हटत नसेल तर नक्कीच.

सहाव्या दिवशी मी कपडे वाळत घालायला गेले, दहा मिनिटं फार तर. परत आले तर जाळीचा एक कोपरा बाहेर वाकलेला, पिना जमिनीवर, आणि मोत्या पण, जो कधी कशाच्या मागे धावत नाही, तो पण लालीबरोबर खोलीभर धावत होता. एकटा शांत असलेला कुत्रा दुसऱ्याबरोबर वेगळाच होतो हे मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं. लालीने एक पिल्लू आणून माझ्या पायाशी ठेवलं, शेपटी हलवत. लाळेने ओलं झालेलं, दाताची एक खूण नाही, रक्त नाही, अजून गरम होतं, पण मान लटकली होती. तिच्यासाठी तो खेळ होता, चिवचिवणारी आणि पळणारी वस्तू. मी तिला मारलं नाही, आणि कुणी मारूही नका, तिला कळणारच नाही कशाबद्दल मार पडतोय. सहा गेली, पाच कपाटामागे सापडली. बल्ब भुशात आडवा पडला होता आणि तिथला भुसा तपकिरी होऊन करपल्याचा वास येत होता, अजून थोडा उशीर झाला असता तर घराला आग लागली असती.

फोन केला तर आधी म्हणाला तुमचा कुत्रा ट्रेन नाही ताई. मग म्हणाला ट्रेनिंगचा वेगळा किट आहे, थोडे पैसे पाठवा. मी बिल मागितलं आणि तक्रार करते म्हणाले, त्या क्षणी ब्लॉक. तक्रार मी केलीच आहे, सगळे मेसेज आणि पैसे पाठवल्याचे स्क्रीनशॉट जोडून.

माद्यांचं पण खोटंच निघालं. पाच-सहा आठवड्यांत पाचपैकी चौघांचे तुरे लाल आणि मोठे व्हायला लागले. एक दिवसाच्या पिल्लात नर-मादी ओळखायला सराव झालेली नजर लागते, किंवा ठराविक जातींच्या संकरात रंगावरून, पंखावरून कळतं, आणि तरी थोडीफार चूक होतेच. सगळ्या माद्याच, शंभर टक्के, असं कुणी ठणकावून सांगत असेल तर तिथेच सावध व्हा. लसीबद्दल डॉक्टरांनी सांगितलं की कागद नाही म्हणजे दिली नाही असंच धरायचं. मानमोडीची (राणीखेत रोगाची) लस त्यांनी दिली, पण मरेक्सची, म्हणजे कोंबड्यांचे पाय-पंख लुळे पाडणाऱ्या विषाणूच्या रोगाची, लस अंड्यातून निघाल्या निघाल्या द्यायची असते, ती वेळ गेली होती.

आता पिल्लं दार बंद होणाऱ्या वेगळ्या खोलीत आहेत. त्याच्या आत अर्ध्या इंचाची वेल्ड केलेली जाळी, खालून पण, आणि पिना नाहीत तर स्क्रू आणि वॉशर. म्हणजे एक अडथळा चुकून उघडा राहिला तरी दुसरा असतोच. बल्ब साखळीने वर टांगलाय आणि वायर बाहेरून बांधलीय. पिल्लं मोठी होऊन अंगणात जातील तेव्हा जाळी जमिनीत फूटभर पुरणार, कारण कुत्रा खालून उकरतो. लालीला पट्टा लावून लांबूनच 'सोड' शिकवतेय, नजर वळवली की लगेच खाऊ. पण तिला पिल्लांबरोबर एकटं मी कधीच सोडणार नाही, कितीही शिकली तरी.

तुम्ही कुठेही असा पिंजरा बघितला तर विकणाऱ्याला जाळी हाताने जोरात ओढतानाचा व्हिडिओ मागा, कोपऱ्याचा जवळून फोटो मागा, पिल्लं कधी निघाली आणि कुठली लस कधी दिली ते लिहून मागा, आणि खोका उघडून पिल्लं बघितल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका.

परवा तोच व्हिडिओ मला दुसऱ्या नावाच्या जाहिरातीत दिसला, तपकिरी कुत्रा, पाठीवर तीन पिल्लं. या वेळी मी तो थांबवून थांबवून बघितला. डाव्या कोपऱ्यात, अगदी कडेला, कुत्र्याच्या पट्ट्यात अडकवलेली माणसाची दोन बोटं दिसतात. पूर्ण व्हिडिओभर तो पट्टा कुणीतरी घट्ट धरून बसलंय.